हजार यार्डांची वाट बघत दहा मीटर सोडू नकोस

पत्र: ताई, मी १७ वर्षांची, मूळ येवल्याची, बारावीला नाशकात मावशीकडे गंगापूर रोडला राहते. दोन वर्षं झाली १० मीटर एअर रायफल करते, रायफल क्लबची आहे, डिस्ट्रिक्ट खेळले आणि एकदा स्टेट. माझे मामा आर्टिलरीतून रिटायर झालेत. त्यांनी मला इंग्लंडच्या बिस्ली रेंजवरचे १००० यार्ड शूटिंगचे व्हिडिओ दाखवले आणि तेव्हापासून मला आमचा १० मीटरचा हॉल नकोसाच झालाय. मामा म्हणतात हे ऑलिंपिकमध्ये येणारच, आपल्याकडे कोणी करत नाही, तू पहिली असशील. बाबा हातमागावर पैठणी विणतात, ते म्हणतात जे ऑलिंपिकमध्ये आहे तेच कर नाहीतर बारावीचा अभ्यास कर. खरंच येईल का हो हे ऑलिंपिकमध्ये? मी १० मीटर सोडून त्याची तयारी सुरू करू का?

अगं, आधी सरळ उत्तर देते, कारण बारावीचं वर्ष आहे आणि तुला झुलवत ठेवण्यात अर्थ नाही. १००० यार्डचं शूटिंग ऑलिंपिकमध्ये येईल असं मला वाटत नाही, निदान पुढच्या तीन-चार ऑलिंपिकांत तरी नाही. आणि १० मीटर सोडू नकोस. पण मामांनी लावलेलं वेड डोक्यातून काढून टाक असंही मी म्हणणार नाहीये, ते का ते सांगते, जरा लांबेल.

मामा पूर्ण चुकलेले नाहीत. आपण म्हणतो हा खेळ ऑलिंपिकमध्ये येणार का, पण तो एकदा येऊन गेलाय. १९०८ चं लंडन ऑलिंपिक, १००० यार्ड फ्री रायफल, आणि झालं कुठे तर बिस्लीलाच, तुझ्या व्हिडिओतल्या त्याच बिस्लीला. जोशुआ मिलनर नावाच्या साठीच्या आसपासच्या माणसानं २० गोळ्यांत १०० पैकी ९८ मारले आणि गोल्ड नेलं. पुढे १९१२ ला स्टॉकहोममध्ये ६०० मीटर होतं, १९२४ ला पॅरिसमध्ये टीमच्या स्पर्धेत ४००, ६०० आणि ८०० मीटर होतं, आणि मग ही लांबची अंतरं गेली ती गेलीच. उरलं ३०० मीटर, ते १९७२ च्या म्युनिकपर्यंत टिकलं आणि नंतर तेही बंद.

मला वाटतं मामांना हे ३०० मीटरचंच नीट सांग. कारण बघ, ३०० मीटर हा आयएसएसएफचा, म्हणजे ऑलिंपिकमधलं शूटिंग जी संघटना चालवते तिचा स्वतःचा प्रकार आहे, त्याची आजही वर्ल्ड चॅम्पियनशिप होते, युरोपात चांगले शूटर आहेत, सगळं आहे, आणि तरी पन्नास वर्षं झाली तो परत आत आलेला नाही. १००० यार्डवाले तर आयएसएसएफच्या घरातलेच नाहीत, त्यांची वेगळी संघटना आहे, इक्फ्रा म्हणतात तिला, आणि ऑलिंपिक कमिटीची मान्यता आहे ती आयएसएसएफला. म्हणजे दाराशी रांग आहे, त्या रांगेत ३०० मीटर ताटकळत उभं आहे, आणि आपलं १००० यार्ड अजून रांगेतसुद्धा नाही.

बरं आत जागा किती? पॅरिसला शूटिंगचे सगळे मिळून १५ इव्हेंट होते आणि ३४० खेळाडू. कमिटीला एकूण खेळाडूंचा आकडा साडेदहा हजारांच्या आसपास ठेवायचाय, त्यामुळे नवीन काही घ्यायचं म्हणजे जुनं काहीतरी काढायचं. तसं काढलंयही. ५० मीटर प्रोन, पालथं पडून मारायचा पुरुषांचा इव्हेंट, २०१६ च्या रिओनंतर काढला, सोबत फ्री पिस्तूल आणि डबल ट्रॅपही गेलं, कारण महिलांचे इव्हेंट पुरुषांइतकेच करायचे होते आणि मिक्स्ड टीम आणायच्या होत्या. आपला जॉयदीप करमाकर २०१२ ला लंडनमध्ये त्याच प्रोनमध्ये चौथा आला होता, मेडल थोडक्यात हुकलं, आणि पुढच्याच ऑलिंपिकनंतर तो इव्हेंटच राहिला नाही. ज्यांनी फक्त प्रोनवर आयुष्य लावलं होतं त्यांचं काय झालं असेल याचा विचार कर. तिथे जे होतं तेसुद्धा असं निघून जातं, मग जे नाहीच आहे त्याच्यावर सगळं लावायचं?

अजून एक अडचण आहे ती जागेची. १००० यार्ड म्हणजे ९१४ मीटर, आणि टार्गेटच्या मागे गोळी सुरक्षित पडायला अजून कितीतरी मोकळी जमीन लागते. शहरात असली रेंज उभी करणं जवळजवळ अशक्य. लंडनला २०१२ मध्ये बिस्ली हाताशी होती तरी आयोजकांनी शूटिंग वुलिचला लष्कराच्या बराकींच्या मैदानावर तात्पुरत्या रेंज बांधून घेतलं. आणि पॅरिसचं शूटिंग पॅरिसमध्ये नव्हतंच, दोन-अडीचशे किलोमीटर लांब शातोरूला होतं, आपला स्वप्नील कुसाळे ब्राँझ जिंकला ते तिथे. त्यात टीव्हीचं दुखणं वेगळं. लोक काय बघणार, एक माणूस पालथा पडलाय, बराच वेळ काही करत नाही, मग एक आवाज, आणि टार्गेट एवढं लांब की दुर्बिणीशिवाय दिसत नाही. तुला आणि मला त्या न करण्यातच सगळी मजा दिसते, पण ती बघणाऱ्याला कळायला आधी समजून सांगावी लागते.

कोणी म्हणेल यजमान शहराला आपल्या आवडीचे खेळ सुचवता येतात की, आणि २०३२ ला ब्रिस्बेन आहे, तिथे बेलमाँटची लांब रेंज आहे, २०१८ च्या कॉमनवेल्थ गेम्सचं फुलबोअर, म्हणजे हेच लांब अंतराचं शूटिंग, तिथेच झालं होतं. खरं आहे. पण यजमान सुचवतात ते गर्दी खेचणारे खेळ. टोकियोनं स्केटबोर्डिंग आणि सर्फिंग आणलं, लॉस एंजेलिस क्रिकेट आणतंय. मी त्या आशेवर नाही राहणार आणि तूही राहू नकोस.

आता माझ्या मनातलं सांगते. हा खेळ बाहेर ठेवणं मला योग्य वाटत नाही. या खेळात बायका आणि पुरुष एकाच रांगेत पडून एकाच टार्गेटवर, एकाच यादीत खेळतात, आणि हे कोणाच्या सक्तीनं नाही, फार आधीपासून. १९३० साली मार्जरी फॉस्टर नावाच्या बाईनं बिस्लीला किंग्ज प्राइझ जिंकलं, सगळ्या पुरुषांना मागे टाकून, आणि ते १००० यार्डांवर, एका गुणाच्या फरकानं. १९३० साली! उत्तर आयर्लंडचा डेव्हिड कॅल्व्हर्ट १९७८ पासून २०१८ पर्यंत ११ कॉमनवेल्थ गेम्स खेळला, शेवटच्या वेळी पासष्टी उलटली होती. समान संधी, वयाची अट नाही, अंगात ताकद किती याला फार किंमत नाही, ऑलिंपिकवाले ज्या गोष्टी भाषणात सांगतात त्या या खेळात मुळातच आहेत, आणि तरी तो बाहेर आहे. मला याचं वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण वाईट वाटणं वेगळं आणि तुझी पाच वर्षं त्याच्यावर लावणं वेगळं.

हा खेळ नेमका काय आहे तेही बोलू, कारण तुझ्या पत्रात मला एक गोष्ट दिसली जी तुला दिसलेली नाही. तू येवल्याची आहेस.

१००० यार्डवर गोळी पोचायला सुमारे दीड सेकंद लागतो. आडवा वारा ताशी १६ किलोमीटरचा असला, म्हणजे आपल्या गंगापूर धरणाच्या बाजूला संध्याकाळी सुटतो तसा साधा वारा, तर .३०८ ची गोळी दोन मीटरच्या आसपास बाजूला जाते. आणि मधला काळा बुल आहे साधारण दोन फुटांचा. म्हणजे वारा वाचता आला नाही तर तू कितीही स्थिर धर, कितीही गुळगुळीत ट्रिगर दाब, गोळी टार्गेटच्या कागदावर लागायचीच मारामार. दुर्बीणही नाही रायफलवर, बारीक भोकातून नेम धरायचे साधे अ‍ॅपर्चर साइट, स्टँड नाही, फक्त दंडाला स्लिंगचा पट्टा आणि कोपरं जमिनीवर. त्यामुळे तिथला शूटर सतत काय करत असतो तर फ्लॅग बघतो, गवत बघतो, शेजारी वेगळ्या ठेवलेल्या स्कोपमधून मिराज बघतो, म्हणजे उन्हात रस्त्यावर हवा थरथरते ना ते, ती कुठल्या बाजूला वाहतेय, उकळल्यासारखी सरळ वर जातेय का, जाड झाली का पातळ. रेंजच्या मध्यावर एक वारा आणि टार्गेटपाशी दुसराच. जोडीच्या मॅचमध्ये तर एक जण मारतो आणि दुसरा मागे बसून फक्त वारा सांगतो.

आणि येवल्यात संक्रांतीला तीन दिवस गच्चीवर काय चालतं? तू लहानपणापासून पतंगाच्या मांज्याची आसारी हातात धरून उभी राहिलीयस ना. खाली पडलेला वारा आणि वर वेगळाच, समोरच्या वाड्यामागून वारा वळून येतो, पतंगाची शेपटी हलायच्या आधी मांज्याला बोटात कळतं, हे सगळं तुला कोणी शिकवलं नाही आणि तरी येतं. मी बारा वर्षं मुलांना शूटिंग शिकवतेय, फ्लॅट सिस्टीममध्ये वाढलेल्या पोरांना वारा म्हणजे काय हे समजवायला मला महिनेच्या महिने लागतात. तुझ्याकडे ते आयतं आहे. तुला तो १० मीटरचा हॉल कोंदट वाटतो याचं कारण मला वाटतं हेच आहे, तिथे वाराच नाही.

मग करायचं काय. तर वारा असलेला प्रकार पकड, जो ऑलिंपिकमध्ये आहे. ५० मीटर .२२ थ्री पोझिशन. गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून, २०-२० गोळ्या. उघड्या रेंजवर, फ्लॅग लावलेले, आणि .२२ ची गोळी इतकी हळू की ५० मीटरवरसुद्धा वारा तिला ढकलतो, आणि दहाचं वर्तुळ एक सेंटिमीटरच्या जरा वर. मी स्वतः मुंबईला वरळीच्या रेंजवर .२२ प्रोन मारायचे, पहिल्या मॅचला समुद्रावरून येणारा वारा मधेच पडला, मला वाटलं हीच वेळ, पटापट तीन गोळ्या मारल्या आणि तिन्ही आठवर एकाच बाजूला, कारण साइट वाऱ्यासाठी सरकवलेली होती आणि वारा गेला तरी मी ती परत आणली नव्हती. त्या दिवशी कळलं की वारा असतो तेवढाच वारा नसतो तोही मोजायचा असतो. १००० यार्ड मी कधी मारलेलं नाही, पण जे मारतात त्यांच्याशी बोलले की तीच चूक, तीच भाषा, फक्त आकडे मोठे.

आणि मुख्य म्हणजे थ्री पोझिशनमधलं प्रोन आणि टार्गेट रायफलचं, म्हणजे १००० यार्डवाल्यांचं, प्रोन हे एकाच घराण्याचं आहे. तेच जॅकेट, तीच स्लिंग, डावं कोपर तसंच रायफलच्या खाली, श्वास तसाच. आज तू .२२ प्रोन नीट बसवलंस तर उद्या तुला कोणी १००० यार्डवर झोपवलं तर शरीराला नवीन काही शिकायचं नाही. उलटं मात्र होत नाही, नुसते व्हिडिओ बघून आणि थांबून.

कोल्हापूरची तेजस्विनी सावंत घे. २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची वर्ल्ड चॅम्पियन झाली, आणि महिलांचं प्रोन ऑलिंपिकमध्ये कधीच नव्हतं. जगात पहिली आणि ऑलिंपिकमध्ये तो इव्हेंटच नाही. तिनं काय केलं, थ्री पोझिशन धरून ठेवलं, आणि ४० व्या वर्षी टोकियो ऑलिंपिक खेळली. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिनं आधीच देऊन ठेवलंय असं मला वाटतं. आणि स्वप्नील कुसाळे, मूळ कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, पण नेमबाजीचे धडे गिरवले ते आपल्या नाशकात, त्याचं पॅरिसचं ब्राँझ थ्री पोझिशनचंच आहे. तू ज्या शहरात राहतेस तिथून हा रस्ता गेलेला आहे.

१० मीटर म्हणून सोडायचं नाही. त्याचा दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, ट्रिगर आणि होल्ड शिकवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, आणि उभं राहून मारायचं तिथेच पक्कं होतं. शिवाय सिलेक्शन, स्कॉलरशिप, कॉलेजचे मार्क हे सगळं आज तुला त्यातूनच मिळणार आहे.

आता मामांनी न सांगितलेली एक गोष्ट, कायद्याची. तिकडे टार्गेट रायफलला .३०८ किंवा .२२३ वापरतात, म्हणजे ७.६२ आणि ५.५६ या लष्करी गोळ्यांची भावंडं. आपल्याकडे लष्करी बोअर, म्हणजे लष्करी मापाच्या नळ्या, प्रोहिबिटेडमध्ये येतात, साध्या नागरिकाला त्याचं लायसन्स मिळत नाही असंच धरून चाल. म्हणून आपल्या नॅशनल्सला ३०० मीटर बिग बोअर असतं तरी तिथे बहुतेक फौजीच दिसतात. तेव्हा लांब अंतराची हौस भागवायची तर खरा दरवाजा फौजेचा आहे, आणि तो मुलींना आता बंद नाही. प्रीती रजक ट्रॅप शूटर, २०२२ ला आर्मीत हवालदार म्हणून भरती झाली आणि २०२४ ला सुभेदार. आणि आपल्या चांदवड तालुक्यातला तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ, होडी हातात घेतली तीच आर्मीत गेल्यावर, आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये रोइंग करत होता. बारावीनंतर कॉलेजला एनसीसी घे, तिथेही .२२ मारायला मिळते आणि पुढचे मार्ग कळतात. आणि हो, कोणी शेतात नेऊन बंदूक हातात दिली तर नको म्हण, मामा असले तरी. दुसऱ्याच्या लायसन्सची बंदूक रेंजच्या बाहेर हातात घेतलीस आणि केस झाली तर तुझं शूटिंग तिथेच संपेल, १० मीटरसकट.

ऑलिंपिक नाही तर नाही, पण कॉमनवेल्थकडे लक्ष ठेव. १९७४ पासून २०१८ पर्यंत प्रत्येक कॉमनवेल्थला शूटिंग होतं आणि लांब अंतराचं फुलबोअर त्या खेळांचा जुना भाग आहे. २०१० ला दिल्लीच्या वेळी आपल्याच देशात झालं ते. बर्मिंगहॅमला शूटिंगच वगळलं, २०२६ च्या ग्लासगोलाही नाही. पण २०३० चं अहमदाबादला आहे. माझ्या मते १००० यार्डसाठी आवाज उठवायचा तर तो आधी तिथे उठवायला हवा, ऑलिंपिकच्या दारात नंतर.

आणि बाबा. बाबांवर रागावू नकोस. ते म्हणतात ऑलिंपिकमध्ये आहे तेच कर, याचा अर्थ त्यांना मेडल हवंय असा नाही, त्यांना कळत नाहीये की हा खर्च कुठे जातोय. एअर रायफल स्वतःची घ्यायची तर लाखांत जाते, जॅकेट-ट्राउझर वेगळं, पेलेट्स दर महिन्याला, आणि माणूस मागावर बसून एक पैठणी काढायला किती दिवस घालवतो ते तू घरात बघतेस. त्यांना “हे ऑलिंपिकमध्ये येणार आहे” असं सांगू नकोस, कारण ते खरं नाही आणि दोन वर्षांनी ते त्यांना कळेल. त्यांना सांग की मार्चपर्यंत क्लबच्याच रायफलवर १० मीटर, आठवड्याला तीन दिवस, बाकी अभ्यास. परीक्षेनंतर .२२ सुरू करायची, तीही क्लबची. स्वतःच्या रायफलचा विषय स्टेटला ठरावीक स्कोअर आल्याशिवाय काढायचा नाही, आणि तो स्कोअर किती हे आधी कोचला विचारून बाबांसमोर कागदावर लिही. मला वाटतं एवढं स्पष्ट कोणी बोललं की ते ऐकतील.

मामांनाही काम दे. तोफखान्यात आयुष्य गेलंय त्यांचं, वारा, तापमान, हवेचा दाब यांचा गोळ्यावर काय परिणाम होतो हे देवळालीला त्यांनी शिकलेलं आहे, ते ज्ञान घरात नुसतं पडून आहे. ऑलिंपिकची बातमी त्यांनी आणायची गरज नाही, त्यांनी तुला वारा शिकवावा. एक वही कर. संक्रांतीला येवल्याला जाशील तेव्हा गच्चीवर तिन्ही दिवस दर तासाला लिही, वारा कुठून, जोर किती वाटतोय, खालच्या झेंड्याला काय दिसतंय आणि वर पतंगाला काय, आणि तो बदलायच्या आधी सगळ्यात पहिलं काय हललं. मामांना शेजारी बसवून त्यांचा अंदाज वेगळ्या रकान्यात लिही, एकमेकांचं न बघता. वही भरली की मला त्या पानांचे फोटो पाठव, मी बघून कळवते.